हापशाचा दांडा आणि पाण्याची वाट

१८५४ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या उत्तरेला, हॅम्पस्टेड या उंचावरच्या आणि मोकळ्या हवेच्या वस्तीत उतारवयातील एक विधवा पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, दगावली. त्या वस्तीत दुसरा एकही रुग्ण नव्हता. शहराच्या मध्यावर, सोहो भागात त्या दिवसांत पटकीने थैमान घातले होते. पण तिकडे ती बाई कित्येक महिन्यांत फिरकली नव्हती. पूर्वी मात्र ती सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवर राहायची. तिथल्या सार्वजनिक हापशाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडायची, की त्या पाण्याची मोठी बाटली रोज गाडीने तिच्या घरी पोहोचती होत असे. ३१ ऑगस्टला आलेले पाणी ती प्यायली आणि २ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला. तिला भेटायला आलेली एक नातेवाईक स्त्री तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही गेली. तिच्या वस्तीतही साथ नव्हती.

साथीच्या धामधुमीत अशा दोन सुट्या मृत्यूंकडे कोणाचे लक्ष जाणार? पण एका डॉक्टरांचे गेले. ते डॉक्टर म्हणजे जॉन स्नो. साथरोगशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव पहिल्या काही पानांतच येते. हापशाचा दांडा काढून साथ थांबवणारा डॉक्टर, अशी त्यांची गोष्ट सांगितली जाते. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे आणि गावाला पाणी पुरवणाऱ्या प्रत्येकासाठी ती अधिक उपयोगाची आहे.

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क शहरात झाला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करत; पुढे त्यांनी शेती केली. नऊ भावंडांत जॉन थोरले. घर ऊझ नदीच्या काठच्या गरीब वस्तीत होते. त्याच नदीत गावाची घाण जाई आणि त्याच नदीचे पाणी गाव वापरे. मुलगा हुशार आहे हे पाहून चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसल इथल्या एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आले. त्या काळी वैद्यकीचे शिक्षण असेच सुरू होई.

१८३१ च्या अखेरीस पटकी पहिल्यांदा इंग्लंडमध्ये शिरली. बंगालमधून १८१७ मध्ये सुरू झालेला या रोगाचा प्रवास आशिया आणि युरोप ओलांडत न्यूकॅसलच्या शेजारच्या बंदरापर्यंत पोहोचला होता. अठरा वर्षांच्या स्नो यांना किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतील कामगारांवर उपचार करायला पाठवण्यात आले. उपचार तरी कोणते? माणूस सकाळी ठीक असायचा, दुपारी जुलाब-वांत्यांनी शोष पडायचा, रात्रीपर्यंत डोळे खोल जाऊन अंग निळे पडायचे. तरुण स्नो यांच्या हाती देण्यासारखे फारसे काही नव्हते. पण पाहण्यासारखे बरेच होते. खाणकामगार दिवसाचे अनेक तास जमिनीच्या पोटात काढत. तिथे शौचाची सोय नव्हती, हात धुवायला पाणी नव्हते. न धुतलेल्या हातांनीच ते तिथे भाकरतुकडा खात. हे चित्र त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे वीस वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथातही त्यांनी खाणकामगारांचा उल्लेख केला.

काही वर्षे आसपासच्या खेड्यांत सहायक म्हणून काम करून १८३६ मध्ये ते लंडनला आले. उत्तर इंग्लंडपासूनचा तो प्रवास त्यांनी बहुतांश पायी केला. स्वभाव अबोल, राहणी साधी. सतराव्या वर्षापासून शाकाहारी, दारू वर्ज्य आणि पिण्याच्या पाण्याबाबत कमालीचे काटेकोर. पाणी ऊर्ध्वपातन करूनच पिण्याची त्यांना सवय होती. परीक्षा देत ते पुढे सरकले, सोहोमध्ये त्यांनी दवाखाना थाटला आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली.

त्यांना पहिली कीर्ती मिळाली ती वेगळ्याच कामामुळे. १८४६ च्या शेवटी ईथरने भूल देण्याची कल्पना अमेरिकेतून इंग्लंडला आली. पुष्कळ डॉक्टर रुमालावर औषध ओतून अंदाजाने भूल देत होते. स्नो यांनी तापमानानुसार ईथरची वाफ हवेत किती मिसळते याचे गणित मांडले आणि मोजून मात्रा देणारे उपकरण तयार केले. लवकरच ते लंडनमधले सर्वांत भरवशाचे भूलतज्ज्ञ ठरले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला तिच्या आठव्या बाळंतपणात त्यांनी क्लोरोफॉर्म दिले. कोळसा मजुराच्या मुलासाठी एवढे यश पुरेसे होते. पण पटकीने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता.

त्या काळातील बहुतेक डॉक्टर, अधिकारी आणि वृत्तपत्रे एकाच मताची होती. कुजलेल्या घाणीतून उठणारी दूषित हवा श्वासावाटे शरीरात गेली, की पटकी होते, असे ते मानत. आपल्याकडे हीच साथ आली की मरीआईचा कोप झाला म्हणत आणि मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडत. तिकडे देवीच्या जागी दुर्गंधी होती, इतकाच फरक. घाण हटवा हा दुर्गंधीवाल्यांचा आग्रह चांगलाच होता, पण त्यातून एक अनर्थ झाला. घरांजवळचे मैल्याचे खड्डे रिकामे करून तो सारा मैला गटारांवाटे टेम्स नदीत सोडण्यात आला. लंडनच्या अनेक घरांना पाणी येत होते ते त्याच नदीतून.

भुलीच्या कामामुळे वायू शरीरात कसे वागतात हे स्नो यांना इतरांपेक्षा चांगले ठाऊक होते. श्वासावाटे गेलेले विष रक्तात मिसळून साऱ्या शरीरावर परिणाम करेल. पटकीत मात्र पहिला आघात आतड्यांवर होतो. ताप किंवा इतर लक्षणांआधी जुलाब सुरू होतात. शरीरातले पाणी निघून गेल्याने रक्त दाट होते आणि त्यातून बाकीची लक्षणे उद्भवतात. मग रोगाचे बीज नाकातून नव्हे, तोंडातून आत जात असले पाहिजे. ते रुग्णाच्या मैल्यातून बाहेर पडत असणार, आणि हात, अन्न किंवा पाणी यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात पोहोचत असणार. शिवाय हे बीज शरीरात वाढते; म्हणजे ते सजीवासारखे काहीतरी असले पाहिजे. १८४९ मध्ये त्यांनी हे मत स्वखर्चाने छापलेल्या छोट्या पुस्तिकेत मांडले.

त्या पुस्तिकेतले एक उदाहरण आजच्या कोणत्याही लहान पाणीपुरवठा योजनेला लागू पडावे असे आहे. लंडनच्या दक्षिणेला वँड्सवर्थ रोडवर आल्बियन टेरेस नावाची सतरा घरांची नीटनेटकी रांग होती. रहिवासी सुस्थितीतले. समोरच्या झऱ्याचे पाणी विटांच्या बंदिस्त पाटाने घरांच्या मागे, जमिनीत बांधलेल्या टाक्यांत येई. प्रत्येक घराला स्वतःची टाकी होती, पण साऱ्या टाक्या एकाच पाटावर जोडलेल्या. शौचकूपांचे खड्डे टाक्यांपासून काही फुटांवरच होते. २६ जुलै १८४९ रोजी मुसळधार पाऊस झाला, पाट फुटला आणि घाण पाणी पसरले. दोनच दिवसांनी पहिला रुग्ण आढळला. पुढच्या काही दिवसांत या सतरा घरांत सुमारे वीस माणसे मरण पावली. आसपासच्या, वेगळे पाणी पिणाऱ्या घरांत असे काही घडले नाही. झरा चांगला होता, बांधकाम चांगले होते, माणसे स्वच्छ राहणारी होती. पाणी बिघडले ते वाटेत, एका पावसात.

पुस्तिकेची फारशी दखल घेतली गेली नाही. कल्पना चतुर आहे, पण पुरावा कुठे, असा वैद्यकीय नियतकालिकांचा सूर होता. स्नो यांना तो आक्षेप रास्त वाटला असावा; कारण पुढची पाच वर्षे ते पुराव्याच्या मागे होते. १८५४ मध्ये दोन ठिकाणी तो एकाच वेळी हाती आला.

पहिले ठिकाण दक्षिण लंडन. तिथे साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ या दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. स्पर्धेच्या काळात दोघींनी एकाच गल्लीत आपापले नळ टाकले होते. त्यामुळे शेजारच्या दोन घरांत दोन कंपन्यांचे पाणी असे. हवा तीच, गरिबी तीच, कामधंदा तोच. वेगळे होते ते फक्त पाणी. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीने आपली पाणी उचलण्याची जागा शहराच्या बरीच वर, टेम्स डिटन इथे हलवली. तिथवर शहराचा मैला पोहोचत नव्हता. दुसरी कंपनी मात्र अजूनही शहरातल्या बॅटर्सीजवळून, भरती-ओहोटीबरोबर मैला पुढेमागे होणाऱ्या पात्रातून पाणी उचलत होती.

स्नो घरोघर फिरले. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात पाणी कोणत्या कंपनीचे, एवढाच प्रश्न. पण भाडेकरूंना कंपनीचे नाव माहीत नसे; पाणीपट्टी घरमालक भरत. यावर स्नो यांनी साधा उपाय शोधला. भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी बॅटर्सीपर्यंत येई, टेम्स डिटनला येत नसे. घरातले थोडे पाणी बाटलीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकले, की क्षाराच्या प्रमाणात पांढरा साका तयार होतो. एका कंपनीच्या पाण्यात तो जेमतेम दिसे, दुसरीच्या पाण्यात दाट. क्षाराचे प्रमाण सुमारे चाळीसपट होते. चाचणीने रोगजंतू दिसत नव्हते. पाणी कुठून आले ते मात्र कळत होते आणि तेच हवे होते.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब पूर्ण झाला, तेव्हा साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले होते आणि लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७. आठपटींहून अधिक फरक.

हे काम चालू असतानाच, ३१ ऑगस्टच्या रात्री, त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रॉड स्ट्रीटवर साथीचा भडका उडाला. दहा दिवसांत त्या चिमुकल्या परिसरात पाचशेहून अधिक माणसे गेली. शेवटी आकडा सहाशेच्या वर पोहोचला. स्नो यांचा संशय सार्वजनिक हापशावर गेला. त्यांनी पाणी काचेच्या भांड्यात घेऊन पाहिले. ते बरेचसे स्वच्छ होते. बारीक पांढरट कणांखेरीज विशेष काही नव्हते. लोकांचा तर त्या पाण्यावर जीव होता. आसपासच्या हापशांपेक्षा ते थंड आणि चवदार समजले जाई.

मग पाणी बाजूला ठेवून त्यांनी मृतांची यादी घेतली. पहिल्या तीन दिवसांतले ८३ मृत्यू. त्यांपैकी ७३ जण ब्रॉड स्ट्रीटचा हापसा सर्वांत जवळ असलेल्या घरांत राहत होते, आणि त्यांतले ६१ जण ते पाणी पीत असल्याचे घरच्यांनी सांगितले. दुसऱ्या हापशांजवळच्या दहा मृतांपैकी पाच जणांच्या घरी पाणी मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरून आणले जात होते. तिघे मुले होती आणि त्यांची शाळा त्या हापशाजवळ होती. नियमात न बसणाऱ्या घटनाच नियम पक्का करत होत्या. अगदी जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे होती, पण मृत्यू झाले फक्त पाच. आश्रमाची विहीर वेगळी होती. त्याच रस्त्यावरच्या मद्याच्या कारखान्यातील सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही. तिथे स्वतःची विहीर होती आणि कामगार बिअर पीत. दुसऱ्या एका कारखान्यात कामगारांसाठी हापशाच्या पाण्याचे दोन पिंप भरून ठेवले जात. तिथल्या दोनशेपैकी अठरा जण मेले. आणि हॅम्पस्टेडची ती विधवा याच चौकशीतून सापडली.

७ सप्टेंबरला संध्याकाळी स्नो त्या भागाच्या स्थानिक मंडळासमोर उभे राहिले. हे मंडळ म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखेच, परिसरातल्या चार लोकांचे. हापसा त्यांच्या अखत्यारीत होता. मंडळाला त्यांचे म्हणणे पटले असे नाही, पण माणसे मरत होती आणि उपाय बिनखर्चाचा होता. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढण्यात आला.

इथे गोष्ट संपवण्याचा मोह होतो. परंतु साथ त्याआधीच ओसरू लागली होती. धडधाकट माणसे घरे सोडून पळाली होती. दांडा काढल्याने साथ थांबली असे ठामपणे म्हणता येणार नाही, हे स्नो यांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवले. हापशाच्या विहिरीत रोग कसा शिरला हेही अजून कोणाला ठाऊक नव्हते.

ते शोधले एका विरोधकाने. हेन्री व्हाइटहेड हे त्याच भागातल्या चर्चचे तरुण धर्मोपदेशक. साथीत त्यांनी घरोघर जाऊन मरणाऱ्यांची सेवा केली होती आणि त्या पाण्यावर त्यांचा विश्वास होता. स्नो यांचे म्हणणे खोडून काढायचे म्हणून त्यांनी चौकशी सुरू केली. पण त्यांनी जितकी माणसे विचारली, तितका त्यांचाच विरोध गळत गेला. १८५५ मध्ये मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना एक ओळ दिसली. ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरातील पाच महिन्यांची मुलगी २ सप्टेंबरला जुलाबाने गेली होती, आणि तिचा आजार साथीच्या भडक्याआधीच सुरू झाला होता. ते घर हापशाला लागूनच होते. आईने सांगितले, की बाळाचे मळके दुपटे भिजवलेले पाणी तिने घरापुढच्या तळघरातील मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते.

मंडळाने जागा खणून पाहिली. खड्ड्याच्या विटा झिजून सुट्या झाल्या होत्या. खड्डा आणि विहीर यांच्यात तीन फुटांहूनही कमी अंतर होते आणि मधली माती मैल्याने भिजून गेली होती. विहिरीच्या बाहेरच्या तपासणीत हे कोणालाच दिसले नव्हते, कारण ते जमिनीखाली होते.

आणखी एक गोष्ट व्हाइटहेड यांच्या चौकशीतून उघड झाली. त्या बाळाच्या वडिलांना पटकीची लागण झाली ती ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी. अकरा दिवसांनी ते वारले. त्यांच्या आजारातले सारे सांडपाणी त्याच खड्ड्यात गेले असणार. हापसा चालू राहिला असता, तर विहिरीत रोगाची दुसरी खेप उतरली असती आणि परतणाऱ्या लोकांनी ती प्यायली असती. दांड्याने ओसरती साथ थांबवली नसेल. येऊ घातलेली साथ बहुधा रोखली.

तरीही अधिकृत मत बदलले नाही. सरकारी आरोग्य मंडळाच्या चौकशीने पाण्याचा सिद्धांत अमान्य केला. साथ गेल्यावर लोकांच्या आवडत्या हापशाला दांडा पुन्हा बसवण्यात आला. १८५५ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना स्नो यांनी दुर्गंधीने रोग होत नाही असे सांगितले, तेव्हा एका प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांची खिल्ली उडवली. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या विस्तृत ग्रंथाच्या मोजक्याच प्रती खपल्या.

१० जून १८५८ रोजी भुलीवरील ग्रंथ लिहीत असताना स्नो यांना पक्षाघाताचा झटका आला. १६ जूनला ते गेले. वय अवघे पंचेचाळीस. लग्न केलेले नव्हते. त्या साप्ताहिकाने दिलेली निधनाची बातमी काही ओळींची होती आणि तीत पटकीवरील कामाचा उल्लेखही नव्हता. त्याच उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज अवघड झाले आणि लंडनच्या नव्या भूमिगत गटारांना वेगाने मंजुरी मिळाली. ती गटारे दुर्गंधीच्या भीतीने बांधली गेली, पण मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला आणि स्नो यांना हवे होते तेच घडले.

१८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये, जिथे नवी गटारे अजून पूर्ण झाली नव्हती, पटकी पुन्हा उफाळली आणि पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. या वेळी सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांनी थेट पाण्याचा माग घेतला. ते पूर्वी हवेच्या बाजूचे होते. एका कंपनीच्या उघड्या तलावातले न गाळलेले पाणी नळांत शिरल्याचे उघड झाले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीच्या जंतूची ओळख पक्की केली. आंघोळ, धुणे आणि पिणे या तिन्हींसाठी वापरल्या जाणाऱ्या एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो सापडला. खरे तर इटलीतल्या फिलिप्पो पाचिनी यांनी तो जंतू १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. स्नो यांना त्याची कल्पना नव्हती. जंतू न पाहता, प्रयोगशाळेविना, त्यांनी धोका नेमका कुठे आहे ते दाखवले होते.

स्नो यांच्या आयुष्यातली ही गोष्ट गावपातळीवर पाणी पुरवणाऱ्यांना सर्वांत जवळची आहे. एक विहीर, एक मोटार, एक टाकी आणि काही किलोमीटर नळ एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या योजनेकडे प्रयोगशाळा नसते. नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला जातो आणि अहवाल येईपर्यंत गाव ते पाणी प्यायलेले असते. शिवाय नमुना फक्त त्या दिवशीच्या, त्या बाटलीतल्या पाण्याबद्दल सांगतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००४ पासून, केवळ शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, उगमापासून घरातल्या हंड्यापर्यंत पाण्याची सारी वाट तपासा, असा आग्रह धरला. २०१२ मध्ये लहान गावांच्या योजनांसाठी याच पद्धतीची वेगळी मार्गदर्शिकाही काढली. तिचा गाभा तीन प्रश्नांत मावतो. या वाटेवर पाणी कुठे बिघडू शकते? ते बिघडू नये म्हणून काय केले आहे? आणि केलेले आजही टिकून आहे, हे कोण पाहते?

या प्रश्नांची उत्तरे पायी फिरूनच मिळतात. विहिरीपासून किमान पंधरा मीटरच्या आत शौचालयाचा खड्डा, उकिरडा किंवा गोठा आहे का? विहिरीला कठडा आहे का, भोवतीच्या ओट्याला भेगा पडल्या आहेत का, सांडलेले पाणी वाहून जाते की तिथेच मुरते? हापशाच्या बुडाशी डबके साचते का? नळाची वाहिनी गटारातून जाते का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घाण पाणी उभे असते का? पाणी दिवसाआड किंवा तासभरच सुटत असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. पाणी बंद झाले की रिकाम्या वाहिनीत ओढ निर्माण होते आणि बाहेरची घाण गळतीच्या छिद्रांतून आत खेचली जाते. आल्बियन टेरेसची आठवण पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत जलसुरक्षकाकडे हेच काम असते. स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि धोक्यानुसार गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. चांगल्या प्रतीच्या ब्लिचिंग पावडरचे साधारण अडीच ग्रॅम हजार लिटर पाण्याला लागतात, त्यानंतर अर्धा तास थांबावे लागते, आणि गावाच्या शेवटच्या नळाशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. ही शेवटच्या नळाची चाचणी म्हणजे स्नो यांच्या सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीची नातलगच. ती जंतू दाखवत नाही. तिथे क्लोरीन सापडला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडले आहे एवढे मात्र ती पाच मिनिटांत सांगते. उघडी पडलेली, ओल लागलेली पावडर कितीही टाकली तरी ती संरक्षण देत नाही, म्हणून गोणीचे तोंड बंद ठेवणे हेही आरोग्याचेच काम आहे.

लंडनमधल्या त्या गल्लीचे आता नाव बदलले आहे. तिथे बिनदांड्याचा एक हापसा स्मारक म्हणून उभा आहे आणि जवळच्या मद्यगृहाला आयुष्यातला बराच काळ दारूपासून दूर राहिलेल्या जॉन स्नो यांचेच नाव दिले आहे. त्या विहिरीचे पाणी थंड होते, चवदार होते, काचेत धरले तर जवळजवळ नितळ होते. त्या पाण्यापासून तीन फुटांच्या आत काय होते, हे मात्र सहाशे माणसे गेल्यावर, जमीन खणल्यावर कळले. आपल्या गावच्या विहिरीभोवती काय आहे, हे पाहायला एक सकाळ पुरते.